नानांचं हिरवं सफरचंद

श्रेयस आरोंदेकरला सफरचंद चालत नाही, ही गोष्ट बोरिवलीतल्या त्याच्या अख्ख्या बिल्डिंगला माहीत होती. कच्च्या सफरचंदाचा एक घास खाल्ला, की त्याच्या ओठांना खाज सुटे, जीभ चुरचुरे आणि घशात कुणी मोरपीस फिरवतंय असं वाटे. पण मुलुंडच्या नाना कोरगावकरांना हे कळू द्यायचं नाही असं त्याने ठरवलं, आणि तिथेच त्याची वाट लागली.

नाना म्हणजे रेवतीचे वडील. रेवती आणि श्रेयस अंधेरीला एकाच ऑफिसात होते. लग्न करायचं दोघांचं कधीच ठरलं होतं. आता फक्त नानांचं ठरायचं होतं. त्यांनी मुलाला रविवारी घरी बोलावलं.

"एक लक्षात ठेव," रेवतीने आदल्या दिवशी बजावलं, "नानांना नाजूक माणसं आवडत नाहीत. मागे आत्याने आणलेल्या स्थळाने आमच्याकडे स्वतःची पाण्याची बाटली काढली, तर नानांनी त्याला चहाच्या आधीच कटवलं."

"मी नळाचं पाणी पितो यार."

"झकास. आणि ते हिमाचलची ट्रिप करून आलेत. सफरचंदांची पेटी आणलीये. खा आणि कौतुक कर."

(इथे 'अगं, मला सफरचंद चालत नाही' एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. पण नाजूक माणसांचं काय होतं ते नुकतंच ऐकलेलं. एका फोडीने काय होणार आहे, असा विचार करून श्रेयस गप्प बसला.)

रविवारी पेढ्यांचा बॉक्स घेऊन तो मुलुंडला पोचला. तो बॉक्स जयंतीकाकूंनी, म्हणजे रेवतीच्या आईने, आत नेऊन ठेवला. रेवती आत पोहे करत होती. नाना सोफ्यावर सुरी घेऊन बसले होते. समोर ताटात चार सफरचंदं मांडलेली.

"सफरचंद म्हटलं की लोकांना एकच माहीत असतं, लाल!" नानांनी सुरुवात केली. "पण प्रत्येकाची जात वेगळी, चव वेगळी. हे घ्या, रॉयल."

श्रेयसने फोड तोंडात टाकली. ओठ हुळहुळले.

"कसं आहे?"

"छान आहे."

"आता हे गोल्डन."

जीभ चुरचुरायला लागली. ती टाळूवर घासत श्रेयस म्हणाला, "छान आहे."

"हे गाला." मोरपीस घशात उतरलं. "छान आहे." (खुर्चीत बसलेल्या जयंतीकाकू आता त्याच्याकडे जरा निरखून बघत होत्या.)

"आणि हे शेवटचं, हिरवं. ग्रॅनी स्मिथ. आंबट असतं. नाजूक माणसाचं काम नाही."

एवढं ऐकल्यावर श्रेयसने एकाऐवजी दोन फोडी उचलल्या.

नानांनी समाधानाने सुरी खाली ठेवली आणि चौकशीला हात घातला.

"बरं, गाव कुठलं तुमचं?"

"आवोंधा," श्रेयस म्हणाला. म्हणायचं होतं आरोंदा. पण जीभ तोंडात मावत नव्हती.

"औंढा? मराठवाड्यातलं? मला वाटलं तुम्ही कोकणातले."

"कोकनातलेच."

"मग औंढ्याला कसे गेलात? असो. वडील काय करतात?"

"फँकेत ओते."

"फेकत होते? काय फेकत होते?"

"फँकेत, काका! फँकेत! कुव्व्याला!"

"कुर्ल्याला उभे राहून फेकत होते?" नानांच्या भुवया टाळूपर्यंत गेल्या. त्यांनी मुलाकडे नीट पाहिलं. डोळे लाल, डोळ्यांत पाणी, जीभ जड, बोलणं असंबद्ध. नाना टेलिफोन खात्यात आयुष्य काढलेला माणूस. आवाजावरून माणसाची स्थिती ओळखता येते असा त्यांचा दावा होता. ते बायकोकडे वाकून कुजबुजले. (नानांची कुजबुज खालच्या मजल्यावर ऐकू जाते.)

"हा घेऊन आलाय."

श्रेयसला वाटलं, अखेर कुणीतरी भेटवस्तूची दखल घेतली.

"ओ काका! घेऊन आलोय ना!" तो उत्साहाने म्हणाला. "फेध! अव्धा किलो!"

"ऐकलंस? पेग! अर्धा किलो!" नाना ताडकन उठले. "भरदुपारी! आणि वर तोंड करून सांगतोय! रेवतीऽऽ!"

रेवती पोह्यांची बशी घेऊन धावत आली आणि दारातच थबकली.

"श्रेयस! तुझा ओठ!"

श्रेयसने भिंतीवरच्या आरशात पाहिलं. खालचा ओठ नुकत्याच तळलेल्या बटाटेवड्यासारखा टम्म फुगला होता. वरचा त्याच मार्गावर होता.

आता मात्र जयंतीकाकू उठल्या आणि नानांना बाजूला सारून श्रेयससमोर उभ्या राहिल्या.

"जीभ चुरचुरते? घशात खाजतं?"

श्रेयसने मान हलवली.

"सफरचंदानेच ना?"

श्रेयसने पुन्हा मान हलवली आणि चोरट्या नजरेने नानांकडे बघितलं. त्या नजरेत काकूंना सगळं कळलं.

"अहो, प्यायला नाहीये तो! मला होतं तेच झालंय त्याला. लग्न झाल्यापासून सांगतेय तुम्हाला, सफरचंद खाल्लं की माझं तोंड खाजतं. तुम्ही काय म्हणता? नखरे! आता बघा, तुमच्या समोर बसलेत नखरे, बोरिवलीहून आलेत!"

नानांनी मान खाली घातली. त्या घरात असं पहिल्यांदाच झालं असावं.

रेवतीने खालच्या मजल्यावरच्या डॉक्टर उत्तराताईंना फोन केला. त्या बॅग घेऊन लगेच वर आल्या.

"श्वास नीट घेता येतोय? गिळता येतंय?" त्यांनी घसा तपासला, छाती तपासली आणि गोळी दिली. "आज थोडक्यात निभावलं. सूज घशात उतरली असती तर हॉस्पिटल गाठावं लागलं असतं. माहीत असून खाल्लंस कशाला रे?"

"पण एका सफरचंदात असतं काय एवढं?" नानांनी विचारलं.

"प्रोटीन. बहुतेकांना काही करत नाही, पण काहींच्या शरीराला ते शत्रू वाटतं. आणि ते सगळ्या जातींत सारखं नसतं. कशात कमी, कशात जास्त. गोल्डन आणि हिरव्यात बऱ्यापैकी जास्त असतं म्हणतात."

नाना खाली बसले. पेटीतली सगळ्यात कडक अस्त्रं त्यांनी निवडून निवडून होणाऱ्या जावयावर सोडली होती.

"आणि शिजवलं तर?" काकूंनी विचारलं.

"त्यातलं एक प्रोटीन शिजवल्यावर मोडतं, म्हणून बऱ्याच जणांना शिजवलेलं चालतं. पण सगळ्यांना नाही. दोघांनीही आधी टेस्ट करून घ्या. घरी प्रयोग नकोत, नाना."

नाना ओशाळून 'हो' म्हणाले. मग स्वतः उठून त्यांनी फ्रीजमधला बर्फ रुमालात गुंडाळला, श्रेयसच्या ओठाला लावायला दिला आणि आतल्या खोलीत त्याच्यासाठी पंखा लावला. "पड जरा," ते म्हणाले. 'तुम्ही'वरून ते 'तू'वर आले होते. मग त्यांनी पेटी उचलली आणि काकूंना विचारलं, "शेजारी देऊन टाकू का गं?" काकू इतक्या खूश झाल्या, की त्यांनी ताबडतोब शिरा करायला घेतला.

संध्याकाळपर्यंत सूज उतरली. श्रेयस डोळे मिटून पडला होता. बाहेर नाना बहिणीशी, शकुआत्याशी, फोनवर बोलत होते. उशाशी बसलेली रेवती हळूच म्हणाली, "ऐक, तुझ्याबद्दल बोलतायत."

श्रेयसने कान टवकारले. आपल्या धैर्याचं, सहनशक्तीचं, वडीलधाऱ्यांविषयीच्या आदराचं कौतुक ऐकायला तो मनातल्या मनात सावरून बसला.

"हो गं शकू, पसंत आहे मुलगा," नाना सांगत होते. "हुशार? छे छे! हुशार असता तर पहिल्या फोडीलाच थांबला असता. हा पाच खाऊन बसला. पण नवरा म्हणून एक नंबर! तोंड सुजलं तरी 'छान आहे' म्हणतो आणि गिळतो. आपल्या रेवतीचा स्वभाव तुला माहीतच आहे. असा मुलगा पुन्हा मिळायचा नाही!"