शैलामावशींचा पुरावा

आमच्या छत्रीबागेतल्या शैलामावशी फोनमध्ये शिट्टी फुंकतात. खरीखुरी, पी.टी.च्या तासाची. सकाळी ग्रुपवर त्यांचा व्हॉइस मेसेज येतो. आधी शिट्टी, मग हुकूम: "चलो भिया, उठा. बहाना नहीं चाहिए." ग्रुपमध्ये आम्ही सगळ्या बायका, प्रत्येकीच्या कडेवर एक पोर. पण मावशी जन्माच्या इंदूरकर, त्यांना सगळं जग भियाच.

मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवून त्या रिटायर झाल्या. गल्लीतल्या नव्या आया जिना चढताना धापा टाकतात हे पाहून त्यांनी हा ग्रुप काढला. व्यायाम सगळे स्वयंपाकघरातले. "कुकर लावलास ना? मग भिंतीला पाठ लाव आणि खुर्चीत बसल्यासारखी बस. कुकरची शिट्टी होईपर्यंत उठायचं नाही." वरण शिजेपर्यंत माझ्या मांड्या लटलटायच्या. पोहे-जिलेबीला मात्र मनाई नव्हती. "खाओ ना, पण पोराला कडेवर घेऊन पायी जाऊन."

जाच एकच होता. व्यायाम झाला की पुरावा म्हणून बाळाचा आवाज पाठवायचा. नुसता अंगठा चालत नसे. "अंगठा तो लोळत पण दाबता येतो," म्हणायच्या. एकदा मी कंटाळून माझ्या ओजसचं आदल्या दिवशीचं रडणं पाठवलं. लगेच उत्तर आलं, "हे कालचं आहे. आज त्याचं नाक चोंदलंय, मी समोरच्या खिडकीतून ऐकलं."

शेवटी सगळ्या वैतागल्या. पोरांना बोलतं करण्यातच जास्त दमायला होई. आता अंगठ्यावर भागवा, हे मावशींना सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी नागपूरची, म्हणून मला म्हणे स्पष्ट बोलता येतं.

मावशींचं दार उघडंच होतं. गळ्यात शिट्टी अडकवून त्या ओट्यापाशी कमरेत वाकत होत्या आणि फोनवर आमची पोरं एकामागून एक बोलत होती. ओजसचं "ता ता ता" लागलं तशा त्या थांबल्या. "हो रे राजा," म्हणाल्या.

मला पाहून ओशाळल्या. "शाळेत इतकी कलकल असायची, कान किटून जायचे. आता घरात मी एकटी. सकाळी हे लावल्याशिवाय चहा उतरत नाही बघ." मग एकदम ताठ होऊन, "तू बोल, क्या काम था?"

अंगठ्याचं मी तिथंच गिळून टाकलं. "शिट्टी हल्ली जरा हळू येते, तेवढंच सांगायला आले," म्हटलं.

बाकीच्यांना मी जे पाहिलं ते सांगितलं. पुन्हा अंगठ्याचं नाव कुणी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी शिट्टी अशी वाजली की गल्लीतली सगळी पोरं एकदम जागी झाली. बायकांनी मला मनसोक्त शिव्या घातल्या आणि भराभर पुरावे पाठवले. मीही ओजसचा चांगला लांबलचक आवाज पाठवला.

मावशींचं उत्तर आलं, "नीट ऐकू नाही आला. परत पाठव."