फ्रीजवरचं गोळीयंत्र

सौरभ गायकवाडला त्याच्या आईनं सांगितलेलं काम अगदी साधं होतं. चंद्रभागाबाई लेकीच्या बाळंतपणाला दोन आठवडे लातूरला निघाल्या होत्या. तेवढे दिवस दादांच्या हातावर सकाळी आठला आणि रात्री आठला बी.पी.ची गोळी ठेवायची, बास. दुसऱ्या कुणीही मोबाइलला गजर लावला असता आणि विषय संपवला असता. पण सौरभ पडला आयटीतला, त्यातही टेस्टिंगमधला (म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायचा त्याला पगार मिळतो). तो म्हणाला, मी मशीन करतो.

"वडिलांना गोळी द्यायला मशीन?" दीपाली म्हणाली. "म्हणजे दोन आठवडे त्यांच्याशी दोन शब्दही बोलायला नकोत, असंच ना?"

बायकोचं बोलणं मनाला लावून घ्यायचं नसतं, हे सौरभ लग्नानंतर लवकरच शिकला होता. दोन रविवार खपून त्यानं मशीन उभं केलं. एक गोल चकती, तिला अठ्ठावीस कप्पे, चकती फिरवायला छोटी मोटर आणि या सगळ्यांवर हुकूम चालवायला बोटाएवढी चिप. कप्पा पुढे सरकला की गोळी खालच्या वाटीत पडणार आणि सौरभच्याच आवाजात मशीन म्हणणार, "दादा, गोळी घ्या." घड्याळाचा वेगळा भाग बाजारात मिळतो, पण तो त्यानं घातला नाही. गरजच काय? सकाळी आठला बटण दाबायचं. चालू झाल्या झाल्या पहिली गोळी, पुढची बारा तासांनी. ऑफिसात बॅटरीवर लावून त्यानं तीन दिवस तपासलं. एक चूक निघेल तर शपथ.

आता ठेवायचं कुठे? दादा पाणी प्यायला दिवसातून दहादा फ्रीजकडे जातात, म्हणून ठेवलं फ्रीजवर. फ्रीजच्याच बोर्डात त्याची पिन खुपसली. वर एक चिठ्ठी चिकटवली, "दादा, मशीनला हात लावायचा नाही."

दादा म्हणजे सीताराम गायकवाड, रेल्वेच्या सिग्नल खात्यात छत्तीस वर्षं काढलेले. दिलेला हुकूम वेळेवर पाळायचा, का म्हणून विचारायचं नाही, असा माणूस. सोमवारी सकाळी आठला बटण दाबलं, गोळी पडली, दादांनी घेतली. सौरभचा ऊर भरून आला. नवरा-बायको कामाला गेले. दुपारी दादांचे तीन फोन आले, तिन्ही सौरभनं कापले आणि मीटिंगमध्ये असल्याचा मेसेज टाकला. (मीटिंग होतीच. दुसऱ्या एकाच्या कामात सापडलेल्या चुकांवर.)

संध्याकाळी पावणेसातला हडपसरच्या ट्रॅफिकमधून घामाघूम होऊन तो जिना चढतोय, तोच समोरच्या श्यामलाकाकूंनी अडवलं.

"काय रे सौरभ, सकाळपासून वडिलांच्या मागे हात धुऊन लागलायस? गोळी घ्या, गोळी घ्या. अर्ध्या अर्ध्या तासाला तेच. जरा श्वास घेऊ दे की त्यांना."

"पण काकू, मी तर ऑफिसात होतो."

"मग ओरडत कोण होतं?"

दोन दोन पायऱ्या गाळत सौरभ वर पळाला. फ्रीजवरच्या चकतीत अठ्ठावीसपैकी पाचच गोळ्या उरलेल्या. वाटी रिकामी. आणि बाबासाहेबांच्या फोटोखालच्या खुर्चीत दादा डोळे मिटून, मान टाकून बसलेले. तेवढ्यात फ्रीज 'खट्' करून सुरू झाला, मशीनचा दिवा मिणमिणून पुन्हा लागला, वाटीत गोळी पडली आणि सौरभचा स्वतःचाच लाडिक आवाज म्हणाला, "दादा, गोळी घ्या."

झोपेतच दादा म्हणाले, "बरं."

ते 'बरं' सौरभला पुरेसं होतं. सांगितलं की करणारा माणूस. तेवीस गेल्या, त्यातली सकाळची एक सोडली तर बावीस जास्तीच्या. आपण बापाला आपल्या हातानं, नव्हे आपल्या आवाजानं मारलं. त्यानं दादांना खांद्याला धरून उठवलं आणि बनियनवरच जिना उतरवायला सुरुवात केली. दीपाली खालून येत होती, ती काही न विचारता दुसऱ्या बाजूनं लागली. दादा काहीतरी सांगू बघत होते. सौरभ म्हणाला, दादा, बोलू नका, दम लागेल.

तळमजल्यावर डॉक्टर चैतालींचा दवाखाना. त्यांनी दादांच्या दंडाला पट्टा बांधला. दादांनी पुन्हा तोंड उघडलं. डॉक्टर म्हणाल्या, आजोबा, मोजताना बोलायचं नसतं. दादा गप्प बसले. हुकूम म्हणजे हुकूम.

"एकशे तीस, ऐंशी," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी पुन्हा मोजलं. तेवढंच. "बावीस गोळ्या घेतलेला माणूस असा पायावर पाय टाकून बसत नाही हो."

"आता बोलू का?" दादांनी विचारलं. पायजम्याच्या खिशातून त्यांनी तंबाखू सोडल्यापासून रिकामी असलेली डबी काढली. आत बावीस गोळ्या. दुसऱ्या खिशातून चाळीस पानी वही. रेघा मारून रकाने पाडलेले.

"८.०० गोळी पडली. घेतली. ८.३५ फ्रीज चालू, गोळी पडली. घेतली नाही. ९.०५ फ्रीज चालू, गोळी पडली. घेतली नाही." असं खाली पार ६.२० पर्यंत. सगळ्यात शेवटी शेरा, "यंत्राला वेळ कळत नाही. मला कळते."

सौरभ तिथेच स्टुलावर बसला आणि रडला. हुश्श करून रडला, लहानपणी जत्रेत हरवून सापडल्यावर रडला होता तसा. दीपालीनंही डोळे पुसले. दादांनी त्याच्या पाठीवर दोन थापा मारल्या.

"फ्रीजची मोटर चालू होताना विजेला धक्का बसतो," ते म्हणाले. "तुझी चिप त्यानं बेशुद्ध पडते. शुद्धीवर आली की तिला वाटतं, सकाळचे आठ वाजले. आमच्याकडे सिग्नल बदलणारे रिले असेच त्रास द्यायचे. पण सिग्नलवर शंका आली की लाल. गाडी थांबवायची, मग चौकशी. सांगायला तीन फोन केले. तू मीटिंगमध्ये होतास."

"मग पिन काढायची ना, दादा."

"हात लावायचा नाही, असं लिहिलं होतंस."

डॉक्टरांनी वही कौतुकानं चाळली, आणि पट्टा बाहेर आहेच तर म्हणून तो सौरभच्या दंडाला गुंडाळला. एकशे सत्तर, एकशे दहा. धावपळीनं असेल, म्हणाल्या, आठवडाभर रोज बघू. आठवडाभर रोज बघितलं. उतरायचं नाव नाही. रोज सकाळी एक गोळी, कायमची.

चंद्रभागाबाई लातूरहून परतल्या तोवर दादांनी मशीन दुरुस्त केलं होतं. फ्रीजपासून लांब, वेगळ्या बोर्डावर, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. मोटरला कसलासा डायोड जोडला, घड्याळाचा भाग सौरभला आणायला लावला. तेव्हापासून एक चूक नाही. बरोबर आठला गोळी पडते आणि दादांचा खणखणीत आवाज म्हणतो, "सौरभ, गोळी घे."

दादा स्वतःची गोळी बायकोच्या हातून घेतात. वही मात्र अजून चालू आहे. परवा मीटिंगच्या गडबडीत सौरभ गोळी वाटीतच विसरून गेला. संध्याकाळी त्यानं वही उघडली. त्या तारखेपुढे शेरा होता, "यंत्र ठीक. मुलगा नादुरुस्त."