शंकरसिंग गाडी थांबवत नाही

शंकरसिंगची जुनी पांढरी गाडी चालताना काही त्रास देत नव्हती. तिचा सगळा त्रास थांबताना होता. अॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की इंजिन दोनदा खोकायचं, थरथरायचं आणि बंद पडायचं. मग पुन्हा सुरू कधी व्हायचं, ते तिच्या मर्जीवर. म्हणून शंकरसिंगने सोपा मार्ग काढला. कुरुंद्याजवळच्या आपल्या तांड्यावरून निघायचं ते पोचायच्या ठिकाणीच थांबायचं. वाटेत ओळखीचं कुणी दिसलं की काचेबाहेर हात काढून हलवायचा, हसायचं आणि पुढं जायचं.

थोड्याच दिवसांत कुरुंद्यात चर्चा सुरू झाली. गाडी रिकामी, पण शंकरसिंग माणसाला बसवून घेत नाही. कुणी म्हणालं, यंदा हळदीला भाव लागला, त्याचा माज आहे. कुणी म्हणालं, पोरगी मोठ्या घरी द्यायचीय, आतापासून सवय करून राहिला. त्याच्या हात हलवण्यावरून एकाने तर तो निवडणुकीला उभा राहतोय असं जाहीरच करून टाकलं, आणि दोघेजण पाठिंबा द्यायला घरी येऊन चहा पिऊन गेले.

इथवर चालून गेलं असतं. पण एके दिवशी वसमतहून परतताना फाट्यावर अमरसिंग दिसला. अमरसिंग म्हणजे शंकरसिंगच्या बायकोचा, जिवनबाईचा थोरला भाऊ. औंढ्याहून बहिणीला भेटायला निघाला होता. मेव्हण्याची गाडी बघून त्याने पेरूची करंडी उचलून डोक्यावरसुद्धा घेतली. शंकरसिंगच्या मागे उसाचा ट्रॅक्टर भोंगा वाजवत होता. त्याने नेहमीपेक्षा जरा जास्त प्रेमाने हात हलवला आणि तो पुढे निघून गेला.

अमरसिंग करंडीसकट औंढ्याला परत गेला. संध्याकाळी त्याचा जिवनबाईला फोन आला. "रुपाच्या साखरपुड्याला मामाची गरज दिसत न्हाई. दाजींचं बरं चाललंय. लांबूनच आशीर्वाद."

जिवनबाईने फोन ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"थांबलो न्हाई ते गाडी बंद पडते म्हणून," शंकरसिंग म्हणाला.

"मला म्हाईत हाय. दादाला म्हाईत न्हाई. मामाशिवाय माझ्या लेकीचा साखरपुडा होणार न्हाई. आधी ती गाडी नीट करा, मग दादाला घेऊन या."

कुरुंद्यात जमीलभाई शेतातल्या पंपांची इंजिनं दुरुस्त करायचे. त्यांनी प्लग काढून घासले, कार्बोरेटर उघडून धुतला, सगळं परत बसवलं. गाडी सुरू झाली, खोकली आणि बंद पडली. जमीलभाईंनी थोडा विचार केला आणि इंजिनाचा वेग कमीजास्त करायचा स्क्रू जाईल तेवढा आवळला.

"आता बंद पडणार न्हाई, शंकरभाऊ."

ते खरंच होतं. गाडी आता बंद पडत नव्हती. पण ती उभ्या उभ्या डरकाळ्या फोडत होती, आणि गिअर टाकला की पाय न लावता स्वतःच निघत होती.

"जरा जास्त झालं का?" शंकरसिंगने ओरडून विचारलं.

"कमी होतं तवा तकलीफ होती ना?" जमीलभाईही ओरडले. "मग?"

शंकरसिंग औंढ्याला निघाला. देवळाजवळच्या रस्त्यावर आवाज ऐकून लोक आपोआप बाजूला होत होते. अमरसिंगच्या दारात गाडी उभी केली तेव्हा पत्रे थरथरत होते. अमरसिंग बाहेर आला.

"आता दारात येऊन गुरगुरून राहिले व्हय, दाजी?"

शंकरसिंगने घाईने चावी फिरवून इंजिन बंद केलं. मग सगळी हकिगत सांगितली. थांबली की बंद पडते, म्हणून थांबलो नाही, दुसरं काही मनात नव्हतं.

"दाखवा बंद पडते का ते," अमरसिंग म्हणाला.

शंकरसिंगने बॉनेट उघडलं, स्क्रू सैल करून पूर्वीसारखा केला आणि गाडी सुरू केली. इंजिन खोकलं, थरथरलं. अमरसिंग बघायला म्हणून आत हात टेकवून वाकला आणि इंजिन एकदम शांत, एका लयीत चालू लागलं.

"कुठं बंद पडून राहिली?"

"पडते, दादा. रोज पडते."

"खोटं बोलून राहिले तुमी." अमरसिंग रागाने मागे सरला. गाडी बंद पडली.

शंकरसिंगचा चेहरा उजळला. "बघा." त्याने पुन्हा चावी फिरवली. अमरसिंग पुन्हा वाकला आणि गाडी पुन्हा गरीब गाईसारखी चालू लागली. असं तीनचारदा झालं. इतके दिवस नखरे करणारी गाडी थोरल्या मेव्हण्यापुढे शहाण्या सुनेसारखी वागत होती. शंकरसिंगच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

"दादा, तुमचा हात कुठं हाय?"

अमरसिंगने खाली पाहिलं. त्याचा तळहात एका रबरी नळीवर टेकला होता. त्याने हात उचलला. सूं असा बारीक आवाज झाला, इंजिन खोकलं. हात ठेवला, आवाज बंद. नळीला खालच्या बाजूने चीर गेली होती आणि तिथून फुकटची हवा आत शिरत होती.

अमरसिंग कितीतरी वेळ हात ठेवत, उचलत राहिला. राग कुठे गेला ते त्यालाही कळलं नाही. "दाजी, हे मी शोधलं," तो हळूच म्हणाला.

"तुमीच शोधलं, दादा."

बाजारातून नवी नळी आणून बसवली. अमरसिंग कपडे बदलून पुढच्या सीटवर बसला आणि दोघे निघाले. पहिलाच ओळखीचा माणूस दिसला तसा अमरसिंग म्हणाला, "थांबवा." काच खाली करून त्याने त्या माणसाला इंजिन ऐकवलं. "बंद पडून राहिली का? न्हाई ना? बसा, पुढंबी ऐका." पुढच्या गावात दोघे बसले. फाट्यावर एक बाई बोचकं घेऊन बसली. कुरुंद्यात जमीलभाईंना मुद्दाम बोलावून बसवलं. आता गाडी कुठेही, कितीही वेळ थांबत होती.

जिवनबाईने भावासाठी पुरणाचा स्वयंपाक केला होता. दारात गाडी थांबली, भाऊ हसत उतरला, तिचे डोळे भरून आले. मग मागची दारं उघडली आणि माणसं उतरू लागली. ती उतरतच राहिली.

"या, या," जिवनबाई सगळ्यांना म्हणाली. माणसं हातपाय धुवायला गेली तशी ती नवऱ्याजवळ सरकली.

"दादा आला, लई बरं झालं," ती हळूच म्हणाली. "साखरपुडा उरकला की ती जुनी नळी परत लावता येईल का?"