परतीचं तिकीट

आमच्या कॉलनीत प्रत्येक दारावर नावाची पाटी होती. गराड्यांच्या पाटीवर नावाखाली आणखी एक ओळ होती, तीही नावापेक्षा मोठ्या अक्षरांत: ‘मूळ गाव अंदमान’.

पिंपरीच्या माळावर तेव्हा कारखाने नुकते उभे राहत होते आणि अंदमान म्हटलं की लोकांना फक्त काळं पाणी आठवे. दुसरं कुणी असतं तर त्यानं असलं गाव लपवलं असतं. गराड्यांनी रंगवून टांगलं. त्यांचे वडील मावळातून जन्मठेपेवर तिकडे गेले आणि सुटल्यावर तिथेच राहिले. गराडे तिथेच जन्मलेले, महायुद्धानंतर इकडे आलेले. मराठी शिकले ती एकट्या वडिलांकडून, त्यामुळे ती अस्सल मावळी होती.

कारखान्याच्या टाइम ऑफिसात ते रजेच्या खिडकीवर बसत. रजा हवी तर अंदमान ऐकल्यावाचून सुटका नव्हती.

“कुठं निघाला?”

“तळेगावला. मेहुणीचं लग्न आहे.”

“तळेगाव काय पळून जातंय व्हय? अंदमानाला जावा. पन पान्यात अनवाणी शिरू नका, पवळ्याचा खडक सुरीवानी कापतो. नारळाखाली बसायचं न्हाई. रानात तंबाखू संगं ठेवा, जळवा भित्यात. आन् बोटीत आडवं पडून लिंबू चोखा.”

हे सगळं झाल्यावर शिक्का. मेहुणीच्या लग्नाला निघालेला माणूस बोट लागण्यावरचा उपाय घेऊन बाहेर पडे.

मात्र त्यांचा पहिला नियम वेगळाच होता. “तिथं कुनाला, तुमचा बा कशापायी आला, आसं इचारायचं न्हाई. आमच्यात ती रीत न्हाई.”

मी कामावर लागलो त्याच दिवशी नेमकं तेच विचारून बसलो होतो. तेव्हा गराड्यांनी माझ्या कागदावरचं गाव बघून शांतपणे मला विचारलं, “तुमचं वडील तळेगावात कशापायी आलं?”

“बदली झाली म्हणून.”

“आमच्या बाचीबी बदलीच.”

लोक टिंगल करत. “गराडे, गुन्हा कोणता करू, खून की दरोडा?”

“आदी रजेचा अर्ज नीट भरा.”

एकदा मी म्हणालो, “तुम्हीच का जात नाही?”

“मी गेलो तर म्हनतील, परत धाडला. तुमच्यातल्या कुनीतरी जायला पायजे. हौसेनं, परतीचं तिकीट खिशात घालून. तवा ते गाव हाय आसं लोक म्हनतील. आत्ता न्हाई म्हनत.”

वर्षं गेली, कुणी गेलं नाही. गराड्यांनी पाटी मात्र दर दिवाळीला नव्यानं रंगवली.

मग माझं लग्न झालं. सुमन म्हणाली, मला समुद्र बघायचाय. मी अंदमानचं नाव काढताच आई कडाडली, “नव्या सुनेला दरोडेखोरांच्या बेटावर नेतोस?” त्या एका वाक्यावर मला गराड्यांसारखाच हट्ट चढला.

अर्ज खिडकीत सरकवला. गराड्यांनी तो दोनदा वाचला. खडक नाही, नारळ नाही, जळवा नाहीत.  एवढंच विचारलं, “तिकीट परतीचं हाय न्हवं?”

“आहे.”

“मग येक काम करा. आमचा बा सुटला, पन गावाकडं तोंड दावायची लाज. बोट निघायची तवा धक्क्यावर जायचा. वळखीचं कुनी नसायचं, तरी हात करायचा. वाटायचं, ह्यातलं कुनीतरी मावळात जात आसंल. उलट हात कुनी केला न्हाई कदी. तुमी बोटीतनं येकदा करा.”

परतताना मी कठड्याशी उभा राहिलो. बोट सुटली आणि मी धक्क्याकडे बघून हात हलवला, चांगला खांदा दुखेपर्यंत. सुमनला सगळं ठाऊक होतं. तिनंही हलवला.

कामावर रुजू झालो तेव्हा खिडकीपुढे रांग होती. गराड्यांनी रांगेदेखत विचारलं, “केला?”

“केला. समोरून एका म्हाताऱ्यानंही केला.”

“कोन व्हता?”

“विचारलं नाही. तुमच्यात ती रीत नाही ना.”

गराड्यांनी शिक्का उचलला. तो कागदावर टेकायला त्यांना फार वेळ लागला, आणि त्या दिवशी रांगेतल्या कुणीही घाई केली नाही.