लाईट जाईना

सावित्रम्मांच्या घरातली लाईट जाईनाशी झाली आणि त्यांना करमेनासं झालं.

पूर्वी भारनियमन असायचं. संध्याकाळी लाईट गेली की सावित्रम्मा सूप घेऊन पायरीवर शेंगा फोडायला बसत. समोरच्या कमरुन्निसा पदराने वारा घेत येत आणि शेजारी टेकत. बोलावणं लागत नसे. सुना, गुडघे, गेलेले नवरे, सगळं त्या अंधारात बोलून होई. मग लाईट येई, गल्लीभर पोरं "आली, आली!" ओरडत आणि या दोघी मनातल्या मनात तिला शिव्या देत आपापल्या घरी जात.

आता सावित्रम्मांच्या पुण्यातल्या मुलाने, मंजुनाथने, आईच्या छपरावर सोलर बसवलं, बॅटरीसकट. त्याचं बघून समोर कमरुन्निसांच्या मुलाने, खालिदनेही बसवलं. लाईट जायचं नाव घेईना.

एकदा सावित्रम्मा उगीचच समोर गेल्या. कमरुन्निसांच्या सुनेने त्यांना सोफ्यावर बसवलं, पंखा मोठा केला, पाहुण्यांची कपबशी काढली. टीव्हीवर मालिका चालली होती. चहा संपला तशा त्या उठल्या. पाहुणीने गुडघ्यांचं रडगाणं कसं गावं?

मग त्यांनी ठरवलं, लाईट घालवायचीच.

सकाळी त्या छपरावर चढल्या. नवऱ्याने हातमागावर विणलेल्या शेवटच्या चादरी, मोराच्या नक्षीच्या, पेटीत जपून ठेवलेल्या. त्या त्यांनी सोलरच्या काचांवर पसरल्या, कडांना विटा ठेवल्या. संध्याकाळी पाहतात तर घर लखलखलेलं. गल्लीतून वायरमन धुळाप्पा चालला होता.

"धुळाप्पा, ऊन झाकलं तरी लाईट जात न्हाय व्हय रे?"

"कशी जाईल मावशी? उन्हाची गेली की तारेची येती, तारेची गेली की बॅटरीची. लाईट जायचे दिवस गेले की आता!"

हे त्याने मोठ्या आनंदाने सांगितलं.

सावित्रम्मांनी घरात जाऊन मेन स्विचच खाली ओढला आणि सूप घेऊन पायरीवर बसल्या. समोरचं दार उघडलं. त्यांनी पदर सावरला. पण बाहेर आला तो खालिद, हातात वायरचं भेंडोळं घेऊन.

"खाला, अंधेरे में कायकू बैठे? थांबा, आमच्याकडनं देतो."

बघता बघता त्याने गल्लीवरून वायर टाकली आणि पायरीवर भला मोठा बल्ब लटकवला.

"झालं खाला!"

"लई उपकार झाले बाबा," सावित्रम्मा ओठ आवळून म्हणाल्या.

खालिद एवढ्यावर थांबला नाही. त्याने काळजीने मंजुनाथला कळवलं. मंजुनाथने मोबाइलमध्ये पाहिलं, तर सोलरने दिवसभरात काहीच वीज केलेली नाही आणि घराचा मेन स्विचही बंद. लगेच त्याचा फोन आला.

"अव्वा, छपरावर काय झालंय?"

"चादरी वाळत घातल्यात."

"सोलरवर?"

"तितं ऊन चांगलं लागतं की."

"आणि मेन स्विच कुणी बंद केला?"

सावित्रम्मांनी सुपातल्या शेंगा चाळवल्या.

"अव्वा, तुला आता एकटीला ठेवून चालणार नाही. रविवारी न्यायला येतो." त्याचा आवाज रडवेला झाला होता, त्यामुळे त्यांना भांडताही येईना.

दुसऱ्या दिवशी खालिद चादरी काढायला त्यांच्या छपरावर चढला. तिथून त्याची नजर समोर आपल्याच छपरावर गेली.

"अम्मी! अपने सोलर पे ये गुदडी किसने डाली?"

कमरुन्निसा दारात उभ्या होत्या. "धूल बैठती ना बेटा, इस वास्ते," त्या म्हणाल्या आणि उंबऱ्याकडे बघत राहिल्या. पायरीवरून सावित्रम्मा त्यांच्याकडे बघत राहिल्या.

त्या संध्याकाळी लाईट गेली नाही, तरी कमरुन्निसा आल्या. येऊन शेजारी टेकल्या. डोक्यावर खालिदने लटकवलेला बल्ब अजून भगभगत होता. एवढ्या उजेडात, इतक्या जवळून दोघींनी एकमेकींना कधी पाहिलंच नव्हतं.

"कमरू, किती म्हातारी झालीस गं!"

"तू बडी जवान! तुझे दात कुटं गेले?"

दोघी हसल्या. मग शेंगा फोडता फोडता सावित्रम्मा म्हणाल्या,

"मंजू न्यायला येतोय. रविवारी."

कमरुन्निसांनी एक शेंग सोलली, दाणे सुपात टाकले.

"पुण्यात लाईट जाती का गं?"

"न्हाय म्हणे. कधीच न्हाय."

"हा दिवा मेला, डोळ्यांत येतो," म्हणत कमरुन्निसांनी पदर डोळ्यांना लावला.