चढ तिसऱ्या गिअरचा

इंजिन म्हणजे शेवटी काय, तर चार भांड्यांचा कुकर! हे वाक्य मी गेल्या महिन्यात घरात इतक्या वेळा म्हटलं, की आमचे हे जेवताना कानात कापूस घालून बसायला लागले. मिक्सर मी उघडून दुरुस्त केलाय, पाण्याची मोटर केलीय, शेजारणीच्या शिवणयंत्राचा तर पुनर्जन्म केलाय. सगळं आपलं आपण शिकून! मग सासऱ्यांची छोटी जुनी गाडी ती काय!

गाडी माझ्या लग्नाआधीची. घरात माझ्यापेक्षा तिचा मान मोठा. तिचं हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनाचं डोकं आणि धड यांच्यामधलं पॅकिंग, जळलं होतं. आणि नेमकं शनिवारी सासऱ्यांचं लायसन संपत होतं.

"पुन्हा काढणार नाही," त्यांनी जाहीर केलं होतं. "एक्क्याऐंशी पुरे झाली. फक्त शेवटचं एकदा अक्काकडे जाऊन येतो. तिसऱ्या गिअरवर."

अक्का म्हणजे त्यांची मोठी बहीण, आमच्या आत्याबाई. राहतात चढाच्या माथ्यावर. गेली चाळीस वर्षं गॅलरीत उभ्या राहून भावाच्या गाडीचा आवाज ऐकतात. तिसऱ्यावरच वर आला तर हात हलवतात. मध्येच दुसरा टाकला की सरळ आत जाऊन दार लावतात!

"मेकॅनिक कशाला?" मी म्हटलं. "मी आहे ना!"

हेड उतरवलं. जरा वाकलं होतं, म्हणून लेथवाल्याकडून पाव मिलिमीटर घासून आणलं. गॅसकेटं दोन घेतली. एक बिघडलं तर घरात असावं, ही जुनी सवय. मंगळवारी एक ब्लॉकवर, म्हणजे त्या धडावर, ठेवून भोकं जुळतात का ते पाहिलं. जुळली. तेवढ्यात फोन वाजला. धूळ नको म्हणून वरून चादर टाकली आणि आत गेले. बुधवारी गॅसकेट, हेड, सगळं बसवून मोकळी! चष्मा? चष्मा ओणवं झालं की इंजिनात पडतो, म्हणून काढून ठेवला होता. तयार हाताला डोळे कशाला लागतात!

संध्याकाळी जादाचं गॅसकेट सापडेना.

"तुम्हीच कुठंतरी टाकलंत!" मी ह्यांच्यावर घसरले.

"मी गॅसकेट घेऊन काय करू? गळ्यात घालू?"

गुरुवारी चाचणी. सासरे चालवायला, मी शेजारी, हे मागे. चढ लागला आणि गाडी सांधे धरल्यासारखी कण्हायला लागली. "ह्यांना उतरवा!" मी ओरडले. हे उतरले. मग स्टेपनी उतरवली. मग पाण्याचा कॅन. मग मी. हे रस्त्याच्या कडेला मांडीवर स्टेपनी घेऊन बसले होते; येणारे-जाणारे हळहळत होते. तरी शेवटी सासऱ्यांना दुसरा गिअर टाकावाच लागला. गॅलरीचं दार आपटल्याचं मला खालपर्यंत ऐकू आलं.

घरी येऊन मी प्रेशर मोजलं. चारही सिलिंडरमध्ये कमी, तेही अगदी सारखं! आता सांगते ते नीट ऐका. पिस्टन वर येतो आणि पेट्रोल-हवा कोंडून दाबतो. हेड घासलं की खोलीचं छत खाली येतं, कोंडमारा वाढतो, भडका जोरात उडतो. छत वर गेलं की ऐसपैस जागा, कुणाला कसली घाई नाही! घरात ऐसपैस जागा बरी, इंजिनाला मात्र चिडचिडच हवी. आमचं छत खाली यायला हवं होतं आणि गेलं होतं वर. याचा अर्थ एकच!

लेथवाल्याच्या दुकानात चार गिऱ्हाइकं होती. मला प्रेक्षक हवेच होते.

"हेड घासलंच नाहीत तुम्ही! नुसतं पुसून दिलंत!"

त्यानं मशीन बंद केलं. "घासलंय, ताई. चारही सारखीच कमी येतायत? मग गॅसकेट जाड पडलं असेल. किती जाडीचं टाकलंत?"

"सव्वा मिलिमीटर. मोजून! मला शिकवू नका!"

"बसवताना नीट बघितलं होतंत ना?"

"माझ्यात खोट काढता? वीस वर्षं दुकान चालवलंत ते असंच का, फडकं मारून?"

एका गिऱ्हाइकानं आपलं हेड उचललं आणि हळूच बाहेर पडलं. लेथवाला त्याच्या पाठीकडे बघत राहिला. मी मात्र लढाई जिंकल्यासारखी घरी आले.

घरी टेबलावर गाडीची किल्ली ठेवलेली.

"सूनबाई, तुझं काम चोखच आहे," सासरे म्हणाले. "माझाच पाय आता दाबत नाही. शनिवारचं राहू दे."

शुक्रवारी सकाळीच हेड पुन्हा उतरवलं. लेथवाल्याची चोरी पकडायची म्हणून या वेळी चष्मा लावला. गॅसकेट उचललं. खाली गॅसकेट!

भोकं अगदी जुळलेली.

धरणीमाय पोटात घे म्हणतात, पण आमच्या गॅरेजला पक्की फरशी आहे. हे दारातून डोकावले.

"सापडलं का गं ते?"

"सापडलं."

"कुठं होतं?"

"ठेवलं होतं तिथंच."

दोन्ही गॅसकेटं सासऱ्यांसमोर ठेवली. "बाबा, दोष तुमच्या पायाचा नाही. माझ्या डोळ्यांचा."

त्यांनी दोन्ही उलटून पाहिली. "म्हणजे पाय दाबतो?"

"दाबतो, बाबा."

त्यांनी बसल्या बसल्या पाय दोनदा दाबून पाहिला. मी भिंतीकडे बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं!

"आधी लेथवाल्याकडे जा," ते म्हणाले.

गिऱ्हाइकं निघून जायची वाट बघत दुकानाच्या दाराशी उभी राहिले. तर आणखी दोन आली! शेवटी सगळ्यांसमोरच म्हटलं, "चूक माझी होती. एकावर एक दोन बसवली होती." कुणीही हसलं नाही. हसले असते तर तेवढाच आधार!

"काल ते हेड उचलून निघून गेले ना, त्यांच्याकडे मी स्वतः जाऊन सांगते."

"जा," लेथवाला म्हणाला. "राहू दे" म्हणेल असं वाटलं होतं, नाही म्हणाला. मग त्यानं खण उघडला. "ती दोन्ही आता चेपली असतील, कामाची नाहीत. हे घ्या." आणि पुडकं हातात देताना म्हणाला, "एकच देतोय हां."

शनिवारी गाडी तिसऱ्या गिअरवर, सगळ्यांना घेऊन, स्टेपनीसकट वर गेली! गॅलरीत आत्याबाईंनी दोन्ही हात हलवले. मग वाकून विचारलं, "आणि गुरुवारी कोण रे चालवत होतं?"

सासऱ्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"सूनबाई," ते शांतपणे म्हणाले.

मी मान डोलावली. दुसरं काय करणार! तेव्हापासून मी चालत जरी वर गेले, तरी आत्याबाई गॅलरीचं दार लावून घेतात.