देवानंद सर एका पायावर

"मॅडम, चौथीचा वर्ग असा शांत बसवतो, की तुम्ही दारातून डोकावून विचाराल, आज सुट्टी आहे काय?"

देवानंद सर हे बोलले तेव्हा त्यांच्यामागे चौथीचा वर्ग डस्टरनं क्रिकेट खेळत होता. माणसानं मोठं बोलावं, पण आधी मागं वळून पाहावं.

भांडण होतं शनिवारच्या तासाचं. मोताळ्याच्या प्रशिक्षणातून सर जोडीचं वृक्षासन शिकून आले होते. दोघांनी शेजारी शेजारी एका पायावर उभं राहायचं, एकमेकांना आधार द्यायचा, श्वास बरोबर घ्यायचा, बरोबर सोडायचा. इतक्या वर्षांच्या नोकरीत मनापासून शिकवावंसं वाटलेलं हे पहिलंच काही. सरांचा जीव त्या तासात अडकला होता. आणि मुख्याध्यापिका सुवर्णा मॅडमना तोच तास शिष्यवृत्तीच्या गणितासाठी हवा होता.

"पोरं दहा मिनिटं गप बसली, तर वर्षभराचे शनिवार तुमचे," मॅडम म्हणाल्या. "नाही बसली, तर गणित."

आधी मुलांना करून दाखवायला हवं, आणि त्याला जोडीदार हवा. शाळेत शिक्षक दोनच, त्यामुळे जोडीला मॅडमच आल्या. पण हात कसा धरायचा? गाव पडलं लहान. शेवटी नकाशा दाखवायची छडी आणली. एक टोक सरांनी धरलं, एक मॅडमनी. मुलं अंगणात ओळीनं बसली.

"आमच्यापैकी एकाचा पाय खाली येईपर्यंत तोंडावर बोट," सर म्हणाले. "आमच्यासारखा श्वास घ्या. आणि ध्यानात ठेवा, ज्याचं मन आधी डळमळतं, त्याचाच पाय आधी खाली येतो."

हे शेवटचं वाक्य नडलं. मॅडमनी पदर खोचला.

थोड्याच वेळात सरांची पोटरी थरथरायला लागली. ओठ न हलवता ते कुजबुजले, "मॅडम, टेकवायचा का?"

"टेकवा ना. मन तुमचंच आहे."

सरांनी दात आवळले. मुलं पुढं सरकली. आधी कोण पडणार, या उत्सुकतेनं पोरांतला विहंग तर पापणी लववायचंही विसरला होता.

तेवढ्यात खिचडी शिजवणाऱ्या तानाबाई मीठ विचारायला आल्या आणि जागच्या जागी थबकल्या. सर एका पायावर, मॅडम एका पायावर, मधे छडी.

"कोनं उभं केलं व यायले?" त्यांनी महामायाला विचारलं. ती सगळ्यात पुढं बसलेली. तिनं तोंडावरचं बोट न काढता फक्त मान हलवली.

पोरगी बोलायलाही भ्यायली म्हणजे कोणी मोठा साहेब आलेला दिसतो! ऑफिसचं दार शेळ्या शिरतात म्हणून ओढलेलं होतं. साहेब आतच असणार, असं ठरवून तानाबाई तडक पानठेल्यावर गेल्या. शाळा समितीचे अध्यक्ष दयाराम तिथं बसलेले. ते निघाले, त्यांच्यामागं पानठेला निघाला, आणि बघता बघता कुंपणाच्या भिंतीवर मुंडक्यांची रांग लागली.

"काऊन उभे केले असतीन बे?"

"पोरं नापास झाले असतीन."

"नाई, खिचडीचा मामला असंन."

हे ऐकून तानाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

सरांना एका वाक्यात उलगडा करता आला असता. पण बोलले की तोल जाणार, तोल गेला की पोरांची तोंडं सुटणार, आणि शनिवार गणिताला. त्यांनी नुसतं केविलवाण्या डोळ्यांनी दयारामांकडं पाहिलं.

"पाहा, मास्तर रडून राह्यले," दयाराम हळहळले. टोपी काढून ते ऑफिसच्या बंद दारापुढं हात जोडून उभे राहिले. "साहेब, झालं गेलं माफ करा. मॅडमले शुगर हाय, त्यायले सोडा. मास्तरले ठेवा पाह्यजे तं संध्याकाळपावतर."

आत चालू राहिलेला पंखा तेवढा कुरकुरला.

दयाराम दोन पावलं मागं आले. "साहेब मानून नाई राह्यले."

आता मात्र मॅडमना हसू फुटलं. ते छडीतून सरांपर्यंत पोचलं आणि दोघंही धप्पकन पायरीवर बसले. आधी कोणाचा पाय टेकला, यावर गावात अजून दोन मतं आहेत.

साहेब कोणी नाही, हे कळल्यावर दयारामांनी टोपी चढवली आणि ते उगाच आभाळ पाहू लागले. मॅडमनी डोळे पुसत वर्गाकडं पाहिलं. सगळी पोरं ताठ बसलेली, तोंडावर बोट तसंच.

"दहा मिनिटं बसली खरी," मॅडमनी कबूल केलं. "शनिवार तुमचे, सर."

सरांना इतका आनंद झाला की पोटरीची कळसुद्धा गोड लागली. "पाहिलं? ही आसनाची ताकद."

महामायानं बोट काढलं. "सर, पुढच्या शनवारी दुसऱ्या पायावर राह्यसान ना?"

"अगं, पुढच्या शनिवारी तुम्ही उभं राहायचं. जोडीजोडीनं, सगळ्यांनी."

वर्गानं एकमेकांकडं पाहिलं. महामायाचा चेहरा पडला.

"मंग पाह्यन कोन?"